खाणमालकाचा कुळकायदा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



भांडवलदार राजकारणात शिरला की तो आपली तिजोरी भरतो, असे उत्तर आपण अभ्यासवर्गात देतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ते पुष्कळदा खरेही असते. परंतु गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या बाबतीत ते पुरे पडत नाही.

१९११ साली पेडण्यात जन्मलेले बांदोडकर धंद्यात शिरून खाणमालक झाले. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकात जपानला जाणाऱ्या लोहखनिजाने जी मोजकी घराणी धनाढ्य केली, त्यांत त्यांचे एक. मात्र ते जुन्या भाटकारांपैकी नव्हते. गोमंतक मराठा समाजातून आलेल्या या माणसाला प्रतिष्ठितांच्या ओसरीवर मिळणारी वागणूक चांगलीच परिचयाची असणार. डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत तीसपैकी चौदा जागा त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला मिळाल्या, आणि प्रजासमाजवादी पक्षाचे दोन सदस्य त्यांच्या बाजूला होते. त्या बहुमतात आपल्या परंपरेचाही हात होता, हे विसरून बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

सत्तेवर आल्यावर वर्षभरात, १९६४ साली, त्यांनी कुळकायदा केला. एकूण उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शाहून अधिक खंड घेण्यास बंदी आली आणि कुळाला हुसकावण्याची मुभा गेली. ज्याने भाटकाराच्या दारात वाकून उभे राहण्यात जन्म घालवला, त्याच्या दृष्टीने हा कायद्याचा कागद केवढा मोठा होता, हे आकड्यांत सांगता येत नाही. गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. कसणाऱ्याला जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती आणि मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत, १९७५-७६ मध्ये झाले. पण वाट बापाने पाडलेली होती.

आता दुसरी बाजू. जमीन भाटकाराची होती, म्हणून तिला हात लागला. खाणी मात्र १९०६ च्या पोर्तुगीज कायद्याखालच्या सवलतींवरच चालू राहिल्या, आणि त्या सवलती कायमस्वरूपी होत्या! गोवा १९६१ साली मुक्त झाला; या सवलती रद्द करून त्यांचे भाडेपट्टे करणारा कायदा संसदेने केला तो १९८७ साली. खाणींचा विषय केंद्राच्या अखत्यारीतला, ही सबब मला मान्य आहे. परंतु कुळकायद्यात जी तडफ दिसली ती येथे दिसली नाही, आणि याचे कारण शोधायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पावसाळ्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील खाणींवरची माती वाहून खालच्या भातशेतांत साचत राहिली. म्हणजे एका कायद्याने कुळाला शेत राखून दिले, आणि खाणीने त्याच शेतावर लाल गाळ पसरला.

विलीनीकरणाच्या प्रश्नावर येथे फारसे बोलत नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात बांदोडकरांची भूमिका ३४,०२१ मतांनी हरली, आणि दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा सत्ता दिली. कुळाच्या मनात खंड आणि सीमा हे वेगळे प्रश्न होते. १२ ऑगस्ट १९७३ रोजी ते पदावर असतानाच वारले. त्यांच्या दानशूरपणाच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. मला त्या ऐकताना थोडे अवघडल्यासारखे होते. दान घेणारा दात्याला खाणीचा हिशेब कसा विचारणार?

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. जो प्रश्न विधानसभेत लोकप्रतिनिधींनी लढवायचा, तो अखेर वकिलांनी कोर्टात लढवला.

मग आपल्या त्या दोन सदस्यांनी काय करायला हवे होते, असे कोणी विचारील. कुळकायद्याला पाठिंबा द्यायला हवा होता, यात शंका नाही. परंतु तीस जणांच्या सभागृहात सोळांचे बहुमत होते, आणि दोघे बाजूला झाले तर चौदाच उरत होते. खाणसवलतींविरुद्ध केंद्राकडे ठराव पाठवा, एवढी मागणी नेटाने करण्याइतके बळ त्या दोघांपाशी होते.