अभ्यास नेमका कुणाचा?

तुमची मुलगी कॉलेजसाठी मधुमेहावरच्या संशोधनांचा आढावा लिहीत असेल, तर जेवताना तिला एक विचारा: “या अभ्यासांतली माणसं कोण होती गं?”

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २५च्या आत असलं की ठीक, असं आपण ऐकतो. पण २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांना २३पासूनच सावध केलं. इथे ब्रिटनमध्येही आपल्या लोकांसाठी तोच आकडा धरतात. कारण आपल्याला कमी वजनातही मधुमेह गाठतो.

आढाव्यात हा फरक सुटला, तर तिचे मार्क जातील. घरात सुटला, तर बाबांची साखर तपासायची राहून जाईल. तेव्हा आज विचाराच. भेटू पुढच्या आठवड्यात!