परदेशाच्या दारातील चौकशी आणि आपले काम

(लोणावळा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



द्रुतगती मार्गासाठी मावळातील जमीन गेली, तळेगावच्या औद्योगिक वसाहतीसाठी आणखी गेली. उरलेली जमीन वा राहते घर तारण ठेवून कोणी मुलीला किंवा मुलाला परदेशी शिकावयास धाडतो, तेव्हा त्या घराचे भवितव्य तेथील विमानतळावरच्या खिडकीपुढे काही मिनिटांत ठरू शकते. हा केवळ सधनांचा विषय आहे असे समजून आपल्याला तो टाळता येणार नाही.

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेचा व्हिसा वकिलात देते. परंतु आत घ्यावयाचे की नाही, ते सीमेवरील अधिकारी ठरवतो. न्यायाधीशापुढे न नेता परत पाठवण्याचा हुकूम तो काढू शकतो, आणि तसा हुकूम निघाला की साधारणतः ५ वर्षे दार बंद होते. अभ्यासक्रम सुरू होण्यास ३० दिवसांहून अधिक अवकाश असेल, तर नव्या विद्यार्थ्याला तेथे प्रवेश नाही. पासपोर्ट, विद्यापीठाचा आय-२० दाखला, शुल्काची पावती आणि खर्चाच्या तरतुदीचे कागद हातातल्या पिशवीत असावेत. विमानाच्या पोटात गेलेली पेटी त्या वेळी उपयोगी पडत नाही. काय शिकणार, खर्च कोण करणार, राहणार कोठे, या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात, स्वतःच्या शब्दांत आणि खरी द्यावीत.

दलालाने पढवलेले उत्तर घातक ठरते. बनावट प्रवेशपत्रांवर कॅनडात गेलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर २०२३ साली हद्दपारीची पाळी आली. आपले पत्र खोटे आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे त्यांतील कित्येकांचे म्हणणे होते. म्हणून प्रवेशपत्राची खातरजमा थेट विद्यापीठाकडे करावी.

आता मतांचीही झडती होते. जून २०२५ पासून अमेरिकेने विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती खुली ठेवण्यास सांगितले. सीमेवर फोनही तपासला जाऊ शकतो. शेजारच्या मुळशीत धरणग्रस्तांचा लढा लढवणारे सेनापती बापट १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले होते. ब्रिटिश राज्याविरुद्ध बोलल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली. विद्यार्थ्याच्या विचारांचे सत्तेला वाटणारे भय असे जुने आहे. मते पुसून टाका, असे आपण मुलांना सांगणार नाही. परंतु परिणाम आधी समजावून देणे, हे आपले कर्तव्य आहे.

ही सारी माहिती आज बाजारात विकली जाते. आपल्या शाखांनी ती विनामूल्य द्यावी. वडगाव आणि लोणावळ्यात महिन्यातून एक दिवस बसावे, कागद तपासावेत, प्रश्नोत्तरांचा सराव घ्यावा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती वेळेवर पोचवावी. शेतकऱ्याची लेक त्या खिडकीपुढे उभी राहील, तेव्हा तिला विचारले जाणारे प्रश्न आधीच ठाऊक असावेत, एवढे तरी आपल्या हाती आहे.