चौरस फुटांत न मावणारे घर

(विठ्ठलवाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्ष माझी ओळख करून देत असताना त्यांना दोनदा थांबावे लागले. स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीने त्यांचे शब्द गिळून टाकले, आणि आपल्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही. ‘आम्हाला सवय झाली आहे,’ असे रुळांलगत राहणारी माणसे सांगतात. आज मला ह्या सवयीविषयीच बोलावयाचे आहे. मी अर्थशास्त्राचा माणूस. मेंदूच्या शास्त्रात मी उतारवयातला विद्यार्थी आहे, एवढे आरंभीच कबूल करतो.

न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन भागात एका सार्वजनिक शाळेलगत उन्नत मार्गावरून गाड्या धावत. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट ह्या मानसशास्त्रज्ञ विदुषीने एका सहकाऱ्यासह तेथील मुलांची वाचनातील प्रगती तपासली व १९७५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुळांकडील वर्गांतली मुले शांत बाजूच्या मुलांहून मागे होती. सहावीत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे होते. शाळा तीच, वस्ती तीच. पुढे रुळांखाली रबरी पट्ट्या बसवल्या, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे आच्छादन लावले. आणि १९८१ च्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुले सारखीच वाचताना आढळली. ज्यांना आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतो, त्यांच्यापैकी किती जण केवळ चुकीच्या भिंतीलगत बसलेले असतात, हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडीत नाही.

झोपेतही कान मिटत नाहीत. आवाज आला की मेंदू तो धोका मानतो, ताणाची द्रव्ये रक्तात सुटतात, नाडी वाढते. सवय होते ती जागेपणीच्या मनाला. झोपलेल्या माणसाच्या हृदयाला ती पुरती कधीच होत नाही.

उजेडाचेही तसेच. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत की, त्यांचे मुख्य काम वस्तू दाखविणे नसून मेंदूतील घड्याळाला दिवस उजाडल्याचे कळविणे हे आहे, असे २००२ साली सिद्ध झाले. देहातील हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, ह्या शोधाला २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तळमजल्याच्या अंधाऱ्या खोलीत दिवसा ट्यूबलाइट लावली, तर पोळी लाटण्यापुरते दिसते. पण आषाढातल्या ढगाळ दिवशीदेखील बाहेरचा उजेड तिच्या कित्येक पट असतो. घड्याळ बिघडले की झोप बिघडते, आणि झोपेमागून चित्त.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत गोवंडीला झोपडपट्टीवासीयांना ज्या इमारतींत हलविले, त्यांतील काहींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ह्या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात क्षयरोग तेथील खालच्या मजल्यांवर अधिक आढळला. क्षय हा मेंदूचा रोग नव्हे, हे खरे. पण जी खिडकी वारा अडवते, तीच सकाळही अडवते.

आपले उल्हासनगर तर युद्धकाळातील लष्करी छावणीच्या बराकींतच निर्वासितांनी वसविले. बराकींच्या जागी दाटीवाटीने इमारती उठल्या. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली खास कायदा करावा लागला, आणि २०२१ च्या मे महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. पडक्या घरात जीव मुठीत धरून राहणाऱ्याला पुनर्विकास हवा असतो. त्याने तो मागावाच. पण करारावर सही करताना तो एकच विचारतो : किती चौरस फूट? ह्यात त्याचा दोष थोडा. जे मोजता येते त्यालाच किंमत, हे आम्ही अर्थशास्त्रज्ञांनीच शिकविले. दोन इमारतींतील अंतर घटवून बांधणाऱ्याचा जो पैसा वाचतो, तो नाहीसा होत नाही; राहणाऱ्याच्या औषधांत आणि मुलांच्या नापास होण्यात तो वर्षानुवर्षे वसूल होतो. आमच्या परिभाषेत ह्याला बाह्य खर्च म्हणतात. तो बाह्य कोणाला, एवढेच विचारायचे राहून जाते.

म्हणून माझी एक विनंती आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सभांना आपले कार्यकर्ते जातात. तेथे नकाशा टेबलावर पसरला की चटईक्षेत्राआधी तीन गोष्टी विचारा : समोरची भिंत किती फुटांवर, निजायची खोली रुळांकडे की मागे, आणि तळमजल्यावर सकाळचे ऊन किती वेळ येणार. उत्तरे करारात लिहून घ्या. बिल्डर हसेल. त्याचे स्वतःचे घर कोणत्या मजल्यावर आहे, तेही मग सहज विचारून घ्यावे.