उंदराच्या हाती तलवार
(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी पेशाने कॉम्प्युटरवाला. साहित्यावर बोलायचा माझा अधिकार तसा शून्यच. पण आमच्याकडे दहा वर्षांची एक वाचक आहे, आणि तिच्या कृपेने गेली दोन वर्षं माझी प्रत्येक रात्र उंदीर, ससे आणि पाणमांजरांच्या सहवासात जाते. तेवढ्या भांडवलावर बोलतोय.

इथल्या लायब्ररीत आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी प्राण्यांच्या साहसकथा भरपूर असतात. जाडजूड कादंबऱ्या, मुखपृष्ठावर तलवार घेतलेला उंदीर वगैरे. त्या पाहून आपण दोन वाक्यं हमखास म्हणतो. एक, "एवढी मोठी झालीस, अजून काय ससे-उंदीर?" दुसरं, "आता वाचता येतं ना? मग तुझं तू वाच." मला आज या दोन्ही वाक्यांविरुद्ध बोलायचंय.

आधी दुसरं घेऊ. ब्रायन जॅक्स हा लिव्हरपूलचा दूधवाला. तिथल्या अंध मुलांच्या शाळेत दूध पोचवता पोचवता तो मुलांना पुस्तकं वाचून दाखवू लागला. ती पुस्तकं त्याला पसंत पडेनात, म्हणून त्याने स्वतःच एक लिहिलं. तेच 'रेडवॉल', १९८६ साली प्रसिद्ध झालेलं. पुढे त्या मालिकेच्या २२ कादंबऱ्या झाल्या. ऐकणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे वास, आवाज, चवी सगळं शब्दांत. मेजवान्यांची वर्णनं तर अशी, की जेवण झाल्यावर पुन्हा भूक लागते! रिचर्ड अ‍ॅडम्स हा सरकारी नोकर. गाडीच्या लांबच्या प्रवासात त्याने आपल्या दोन मुलींना सशांची गोष्ट सांगितली. "बाबा, हे लिहाच" म्हणून मुली मागे लागल्या. अनेकांनी नाकारलेलं ते पुस्तक, 'वॉटरशिप डाउन', १९७२ साली आलं.

म्हणजे ही पुस्तकं मुळात कानांसाठी जन्माला आली. ती मोठ्याने वाचायचीच. आम्ही वाचतो इंग्रजीत, पण मध्ये मध्ये थांबून गप्पा मराठीत. 'रेडवॉल'मधले मोल खेडवळ बोलतात. माझे मोल आजीच्या मालवणीत बोलतात. रॅबिट आणि हेअर दोघांनाही आपल्याकडे ससाच का, यावर एक रात्र गेली. शनिवारच्या मराठी शाळेत जे शब्द रुसून बसतात, ते इथे आपणहून येतात.

आता पहिलं वाक्य. आपल्या पंचतंत्रात शेवटी तात्पर्य हाती मिळतं. या कादंबऱ्यांत ते मिळत नाही, मूल ते तुम्हाला विचारतं. 'वॉटरशिप डाउन'मधले ससे घर सोडतात, कारण तिथे माणसांची घरं बांधायची असतात. लेकीने विचारलं, "बाबा, तुमचं घर कोण पाडत होतं, म्हणून तू इकडे आलास?" व्हिसाची गोष्ट सांगून भागलं नाही. मागे कोणाला ठेवून आलो, तेही सांगावं लागलं.

'रेडवॉल'मध्ये उंदीर, खारी चांगले. घुशी, कोल्हे जवळपास नेहमीच दुष्ट. तिचा प्रश्न: "घूस म्हणून जन्मली, की ती वाईटच?" मंडळी, हा प्रश्न मराठी घरात विचारला गेला की उत्तर टाळता येत नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं आपल्याकडे शतकानुशतकं चाललं, ते अजून पुरतं संपलेलं नाही, हे मी तिला त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. मग रॉबर्ट ओ'ब्रायनचं १९७१ सालचं 'मिसेस फ्रिस्बी अँड द रॅट्स ऑफ निम' काढलं. त्यातल्या घुशी प्रयोगशाळेतून निसटलेल्या, लिहाय-वाचायला शिकलेल्या. चोरी सोडून स्वतःची शेती करायची, असं त्या ठरवतात. लेक म्हणाली, "बघ, मी म्हटलंच होतं!"

जात, स्थलांतर, मरण. जेवणाच्या टेबलावर हे विषय मी कधी काढले असते, देव जाणे. सशाने ते सहज काढले.

सुरुवात करायची तर 'मिसेस फ्रिस्बी'पासून करा, ते आटोपशीर आहे. 'वॉटरशिप डाउन' काही ठिकाणी भीतीदायक आहे, मूल दहाचं होईपर्यंत थांबलेलं बरं. रोज वीस मिनिटं पुरतात. आणखी दोन-तीन वर्षांनी मुलं स्वतःच दार लावून वाचतील. तोवर आपल्याला आत प्रवेश आहे, तो सोडू नका.