मनाचं दुखणं हेही दुखणंच
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्ही आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी बोलणार आहोत. आजोबा रात्र रात्र जागे असतात. आजीचं जेवणावर मन नाही, सारखं अंग दुखतं म्हणते, विहारात येणंही सोडलं. आपण म्हणतो, 'वय झालं, चालायचंच.' बंधूंनो, असं म्हणून चालणार नाही! १९८२ च्या संपानंतर कितीकांच्या नोकऱ्या गेल्या, भोंगे थांबले. पुढे जोडीदार गेला, चाळ जाऊन टॉवर आला आणि शेजाऱ्याचं दारही बंद झालं. लहानपणी जातीपायी सोसलेले अपमान तर आतच राहिले. एवढं ओझं घेतलेलं मन दुखणारच.

त्यावर कुणी चोरून भगताचा अंगारा आणत असेल, तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा कशासाठी दिल्या?

संयुत्तनिकायात नकुलपित्याची हकीकत आहे. वृद्ध, आजारी गृहस्थ. तो आपणहून तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला वय झालं म्हणून वाटेला लावलं नाही. देह आजारी असला तरी मन आजारी होणार नाही, असा अभ्यास कर, असा उपदेश केला. सारिपुत्तांनी पुढे त्याचा अर्थ उलगडून सांगितला. तेव्हा म्हातारपणी मनासाठी मदत मागण्यात कमीपणा कसला?

आता मदत कुठे मिळते ते ऐका. परळचं के.ई.एम., मुंबई सेंट्रलचं नायर, शीवचं रुग्णालय, या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. थायरॉईड किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी माणूस उदास होतो, विसरतो. म्हणून रक्त तपासून घ्या. नुसत्या गोळ्यांवर थांबू नका, समुपदेशनाचंही विचारा. समुपदेशकाला विचारा : वृद्धांसोबत काम केलंय का? मराठीत बोलाल का? जातीचा विषय निघाला तर तो झटकून टाकणारा माणूस आपल्या कामाचा नाही. आणि सुनेनं, मुलानं मध्ये उत्तरं देऊ नयेत. म्हाताऱ्या माणसाला एकट्यानं बोलू द्या.

जाणं जमत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. 'आता जगून काय करायचं' असं कुणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका, त्याच दिवशी फोन करा, माणसाला एकटं सोडू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सरकारी उपचार हा आपला हक्क केला आहे. ही काही कुणाची मेहेरबानी नव्हे.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांना बोलून काय फरक पडतो? गोव्यात ६० वर्षांवरच्या १८१ जणांचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी वृद्धांशी बोलून अडचणी कशा सोडवाव्यात, झोप कशी सुधारावी, हे शिकवलं. वर्षभरात त्या गटात नैराश्याचा आजार कमी जणांना झाला.

आम्ही गिरणीतली माणसं. धागा तुटला की साचा थांबवून तो जोडायचा, हे आम्हाला ठाऊक. आपल्या विहारातल्या तरुणांनीही दर रविवारी वंदनेनंतर दोघादोघांनी एकेका वृद्धाच्या घरी जावं, तासभर ऐकावं, गरज पडली तर केसपेपर काढायला सोबत रांगेत उभं राहावं. एवढा ठराव आज करू या.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!