हात किती वेळा उचलला?



आपल्या फिजिओथेरपिस्टांच्या या अधिवेशनात बाहेर व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाच्या, हेडसेटच्या स्टॉलवर सकाळपासून रांग लागली आहे, म्हणून त्याच विषयावर बोलतो. या तंत्रावर माझा विश्वास आहे. तो कशासाठी, तेवढं आज सांगायचं आहे.

अर्धांगवायूच्या रुग्णाचा हात सुधारतो तो सरावाने. अमेरिकेतल्या कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेरपीची ३१२ सत्रं बसून पाहिली, हालचाली मोजल्या आणि २००९ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. हाताने प्रत्यक्ष कामाचा सराव ज्या सत्रांत झाला, तिथेही सत्रामागे सरासरी निघाली ३२ हालचाली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते रोजच्या शेकडो हालचालींनंतर! आपल्या ओपीडीत, बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली असताना, हा आकडा किती निघेल?

व्हीआरची खरी गरज इथे आहे. रिकामा पेला उचल-ठेव करायला सांगितलं की रुग्ण थोड्याच वेळात कंटाळतो. तोच हात आभासी झाडावरचे आंबे तोडू लागला की मोजायचंही विसरतो. आंबा किती उंच, किती डावीकडे, हे आपण ठरवतो. डाव्या बाजूचं भान हरपलेल्या रुग्णाची नजर बोटा-बोटाने तिकडे नेता येते.

पुरावा काय सांगतो? कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते. हाताच्या कामापुरतं बोलायचं तर, नेहमीच्या थेरपीऐवजी व्हीआर दिलं तिथे ते सरस ठरलं नाही. थेरपीला जोडून, जादा वेळ म्हणून दिलं तिथे फायदा दिसला. २०१६ मध्ये गुस्तावो सापोस्निक यांच्या गटाने १४१ रुग्णांत निन्टेन्डो वी या व्हिडिओ गेमची तुलना पत्ते, बिंगो अशा साध्या खेळांशी केली. दोन्ही गट सारखेच सुधारले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. जिथे हेडसेट पोचणार नाही, त्या तालुक्याच्या गावीही पत्त्यांचा जोड मिळतोच.

आता टेबलापाशी काय घडतं ते पाहा. आंबा हाताला लागला की खेळ गुण देतो. तो कसा लागला, हे बहुतेक खेळ बघत नाहीत. रुग्ण कोपर सरळ करण्याऐवजी कंबरेतून पुढे झुकतो, खांदा कानापर्यंत उचलतो, आणि हेडसेटमध्ये टाळ्या वाजतात. शंभरदा असं झालं की चुकीची हालचालच पक्की होते. म्हणून धड पट्ट्याने खुर्चीला बांधलेलं हवं आणि आपला तळवा रुग्णाच्या खांद्याच्या पात्यावर हवा. हेडसेट चढवून रुग्णाला एकटं सोडायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं, याला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याला खरी जमीन दिसत नसते. घेरी येते, तोल जातो. सुरुवातीची सत्रं हात असलेल्या खुर्चीत बसूनच व्हावीत.

शिवाय हे खेळ आपल्या माणसांसाठी बनलेले नाहीत. अंबाड्यावर हेडसेटचा पट्टा नीट बसत नाही, सूचना इंग्रजीत. आजींना बोलिंग कशाला? त्यांना भाकरी थापायची आहे, पोहऱ्याने पाणी शेंदायचं आहे, ओलं लुगडं पिळायचं आहे. मुंबईच्या रुग्णाला लोकलचा दांडा धरायचा आहे. आपल्या गावोगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना असे खेळ बनवता येतील. कोणत्या सांध्याला किती अंश हालचाल हवी, हे त्यांना आपण शेजारी बसून सांगायला हवं.

पुढच्या अधिवेशनाला प्रत्येकाने एक वही आणावी. हेडसेटशिवाय एका सत्रात किती हालचाली झाल्या, हेडसेट लावून किती, आणि महिन्याभराने रुग्ण घरी त्या हाताने काय करू लागला, एवढंच लिहा. यंत्रं घ्यायची की नाहीत आणि कितीला घ्यायची, याची विक्रेत्यांशी बोलणी आपण त्या वह्या समोर ठेवून करू.