शेवटच्या नळाचं पाणी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "कामाविषयी बोल, पण जेवणाची वेळ झालेली असेल, एवढं लक्षात ठेव." पंगतीच्या आधी जुलाब-उलट्यांवर बोलणं शोभत नाही, पण माझं काम तेच आहे. आशाताई, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेले डॉक्टर यांना मी साथ आली की काय करायचं ते शिकवते.

आमच्या वर्गात पहिल्या दिवशी मी एक गाव देते. गाव कागदावरचं, पण तुम्हाला ओळखीचं वाटेल असं. एक विहीर, एक टाकी, वरची आळी, खालची आळी, अंगणवाडी, देऊळ. बुधवारी उपकेंद्रात जुलाबाचे तीन रुग्ण येतात. शुक्रवारपर्यंत चौदा होतात. मग मी विचारते, "आता काय करणार?"

उत्तर ठरलेलं असतं. "मॅडम, विहिरीत टीसीएल पावडर टाकणार." टाका, चूक नाही. पण त्याआधी रुग्णांना जलसंजीवनी द्या, लहान मुलांना झिंकच्या गोळ्या सुरू करा, आणि मग कागद-पेन घेऊन बसा. रुग्ण कोणाला म्हणायचं ते आधी ठरवा. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब झाले, तो आपला रुग्ण. ही व्याख्या नसेल तर एक जण पोटदुखीही मोजतो आणि दुसरा फक्त सलाइन लागलेलेच मोजतो. मग यादी करा. नाव, वय, घर, त्रास कधी सुरू झाला, पाणी कुठलं, बाहेर कुठे जेवण झालं. शेवटी नकाशा काढा आणि प्रत्येक रुग्णाच्या घरावर ठिपका द्या. भूगोलाच्या बाई आपल्याकडून नकाशे भरून घ्यायच्या तेव्हा आपण किती कुरकुर करायचो! आज त्या समोर बसल्या आहेत, म्हणून जाहीरपणे सांगते, बाई, माझी रोजीरोटी त्या नकाशावर चालते.

ठिपके दिले की दिसतं, चौदापैकी अकरा घरं खालच्या आळीत आहेत. विहीर तर सगळ्या गावाची आहे, मग वरची आळी कशी वाचली? उरलेल्या तिघांपैकी दोन मुलं खालच्या आळीतल्या अंगणवाडीत जातात आणि तिसरा सुतार तिथे कामाला येतो. टाकीजवळच्या पाण्याची ओ. टी. टेस्ट केली तर पाणी छान पिवळं होतं, म्हणजे क्लोरीन आहे. इथे निम्मा वर्ग हात झटकतो. "पाणी चांगलं आहे, मॅडम." मग कुणीतरी, बहुधा मागच्या बाकावरची एखादी सेविका, हळूच म्हणते, "खालच्या आळीच्या शेवटच्या नळाचं बघितलं का?" तिथे रंगच येत नाही. खालच्या आळीकडे जाणारी पाइपलाइन गटारातून गेलेली असते आणि एक जोड गळत असतो. नळाला पाणी चालू असतं तेव्हा ते बाहेर गळतं. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि गटारातली घाण आत ओढली जाते. क्लोरीन त्या घाणीतच संपतो. पावडर कितीही टाकली तरी तो जोड बदलल्याशिवाय साथ थांबत नाही.

लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरने हेच केलं होतं. पटकीने दगावलेल्यांची घरं नकाशावर मांडून तो ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापर्यंत पोचला. पटकीचा जंतू तेव्हा वैद्यकशास्त्राला मान्यही झाला नव्हता. घरोघर जाऊन नीट प्रश्न विचारणारा माणूस असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीही बरंच कळतं.

शिकवलं तर कोण काय करू शकतं, याचं माझं आवडतं उदाहरण १९७१ सालचं आहे. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं. पाजणाऱ्या त्या आया आणि भाऊ काही वैद्यकीय शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, पण ती नीट शिकवली होती.

दुसरं उदाहरण केरळचं. २०१८ मध्ये कोळिकोडजवळ निपाह आला. रोग ओळखला जाण्याआधी एका रुग्णाची शुश्रूषा करणारी लिनी ही परिचारिका त्यात गेली. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदानावर शिक्कामोर्तब केलं. पुढच्या वर्षी एर्नाकुलमला पुन्हा एक रुग्ण सापडला. तो बरा झाला आणि दुसऱ्या कुणालाही लागण झाली नाही. विषाणू तोच होता. पण आता लक्षणं दिसताच संशय घ्यायचा, रुग्ण वेगळा ठेवायचा, त्याच्या संपर्कातल्यांची यादी करायची, हे तिथल्या माणसांच्या अंगवळणी पडलं होतं.

मित्रहो, हे सगळं शिकवता येतं. एक गोष्ट मात्र मला वर्गात शिकवता येत नाही, आणि ती तुमच्यापुढे मांडायची म्हणूनच मी आज आले. आपल्या देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आहे. उपकेंद्रापासून दिल्लीपर्यंत नोंद जाते, आता तर मोबाइलवरून जाते. पण पहिली नोंद करणारी असते एक सेविका. तिने "जुलाबाचे रुग्ण वाढलेत" असं कळवलं की कधी वरून विचारणा होते, "तुमच्याच भागात कशी साथ निघते?" गावातून ऐकावं लागतं, "आमच्या गावाचं नाव खराब केलंत." असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा ती शून्य लिहिते. तो शून्य पाहून सगळे निर्धास्त होतात, आणि पुढचे आठ दिवस साथ आपलं काम करते.

आपल्या बॅचमध्ये सरपंच आहेत, पत्रकार आहेत, इंजिनिअर आहेत, मुख्याध्यापक आहेत, दवाखाना चालवणारेही आहेत. तुमच्याकडे माझं मागणं साधं आहे. सरपंचांनी साथ कळवणाऱ्या सेविकेला ग्रामसभेत बोलावून तिचे आभार मानावेत. इंजिनिअर मित्रांनी गटारातून जाणारे पाइप शोधावेत. मुख्याध्यापकांनी एकाच वर्गातली पाच मुलं पोटदुखीने गैरहजर दिसली, तर हजेरीपट मिटण्याआधी उपकेंद्राला फोन करावा. डॉक्टरांनी तसे रुग्ण वाढताच कळवावं. आणि पत्रकारांनी बातमी जरूर द्यावी, पण गावाला आरोपी करू नये.

उद्या आपापल्या गावी गेलात की शेवटच्या नळाचं पाणी एकदा तपासून घ्या. ओ. टी. टेस्टची बाटली ग्रामपंचायतीत मिळेल. नसेल, तर ती का नाही ते विचारा.

 पंगत बसायला हरकत नाही. हात मात्र साबणाने धुऊन बसा!